एकशिंगी घोडा आणि शनिवारच्या मुली

जेवणं उरकून, भांडी बाजूला सारून रेडिओजवळ बसला असाल. एरवी या वेळेला मी तुमच्याशी बोलते ती कर्जाच्या हप्त्यांबद्दल, इतिवृत्त कसं लिहायचं त्याबद्दल, नाहीतर शेळीच्या विम्याबद्दल. आज एका पुस्तकाबद्दल बोलणार आहे. पुस्तक लहान मुलांचं आहे, इंग्रजी आहे आणि त्यात शिंगवाला घोडा आहे. हसू नका. हसायचंच असेल तर शेवटी हसा.

मी प्रशिक्षणासाठी पुण्याला गेले होते, तेव्हा फूटपाथवर जुन्या पुस्तकांचा ढीग दिसला. बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, त्यामुळे असा ढीग दिसला की पाय अडतात. तीस रुपयांना एक पुस्तक घेतलं, ‘द लिटल व्हाइट हॉर्स’, म्हणजे छोटा पांढरा घोडा. लेखिका एलिझाबेथ गूज. परतीच्या एसटीत पन्नास पानं वाचली आणि माझा थांबा चुकता चुकता राहिला.

तुम्हाला माहीतच आहे, आपली बैठक शनिवारी दुपारी असते. बायका बचतीचे पैसे मोजतात आणि बरोबर आलेल्या मुली समाजमंदिराच्या ओट्यावर कंटाळून बसतात. दिवाळीनंतर त्यांची संख्या वाढते, कारण आपल्या बालाघाटच्या डोंगरातली निम्मी घरं तेव्हा कुलूपबंद होतात. आई-बाप कोयता घेऊन कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात जातात आणि मुली आजीजवळ राहतात. तर बैठक संपली की मी या मुलींना ते पुस्तक सांगायला लागले. वाचायचं इंग्रजीत, सांगायचं आपल्या बोलीत. दर शनिवारी थोडं थोडं.

गोष्ट अशी आहे. साल 1842. मारिया मेरीवेदर नावाची तेरा वर्षांची मुलगी. आई लहानपणीच गेलेली, आता वडीलही गेले, आणि मागे ठेवलं काय, तर कर्ज. लंडनचं घर विकावं लागलं. मग मारिया, तिला सांभाळणाऱ्या बाई मिस हेलिओट्रोप आणि एक लाडावलेला कुत्रा असे तिघं घोडागाडीत बसून दूर खेड्यात एका नातेवाइकाकडे निघतात. त्या गढीचं नाव मूनएकर. यातला एकर म्हणजे आपला जमीन मोजायचा एकरच बरं का. चंद्राचं रान म्हणा. डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून गाडी आत शिरते, पलीकडे चांदणं पडलेलं असतं, आणि झाडांमधून मारियाला क्षणभर एक छोटा पांढरा घोडा दिसतो. शेजारच्या बाईंना मात्र तो दिसत नाही.

हा घोडा साधा नाही. त्याच्या कपाळावर एकच शिंग आहे. इंग्रजीत त्याला युनिकॉर्न म्हणतात. मी मुलींना सांगितलं, एकशिंगी घोडा. लगेच प्रश्न आला, “एकच हाय? दुसरं मोडलं का?” म्हटलं, नाही, मुळात एकच. मग दुसरी म्हणाली, “आन् पोळ्याला त्याच्या शिंगाला कोणता रंग देत्यात?” याचं उत्तर एलिझाबेथबाईंनी कुठंच लिहिलेलं नाही. आम्हीच ठरवलं, की याला रंग लागत नाही. त्यावर एक बारकी म्हणाली, मग बेगड तरी लावू.

या प्राण्याबद्दल मी थोडं शोधून वाचलं, आणि गंमत अशी की त्याचा माग आपल्याच देशात येतो. सुमारे 2400 वर्षांपूर्वी क्टेसिअस नावाचा एक ग्रीक वैद्य इराणच्या राजाच्या दरबारी होता. तो हिंदुस्थानात कधी आला नाही, पण ऐकीव माहितीवर त्यानं लिहून ठेवलं, की हिंदुस्थानात एका शिंगाची रानगाढवं असतात आणि त्या शिंगाच्या पेल्यातून प्यायलं की विष बाधत नाही. बहुधा कुणीतरी त्याला गेंड्याचं वर्णन सांगितलं असावं. त्याच्याही कितीतरी आधीच्या सिंधू संस्कृतीच्या मुद्रा सापडल्या आहेत, त्यांवर सगळ्यांत जास्त वेळा कोरलेला प्राणी एकशिंगीच आहे. तो घोड्यापेक्षा बैलासारखा दिसतो. म्हणजे आमच्या ओट्यावरचा पोळ्याचा प्रश्न अगदीच वेडा नव्हता.

युरोपात मात्र या प्राण्याची वेगळीच दंतकथा झाली. तो फार चपळ, कुणा शिकाऱ्याच्या हाती लागत नाही. मग करायचं काय? रानात एकट्या कुमारिकेला नेऊन बसवायचं. एकशिंगी येतो, तिच्या मांडीवर डोकं ठेवतो, आणि दबा धरून बसलेले शिकारी त्याला धरतात. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. पोरीला आमिष म्हणून बसवायचं, शिकार दुसऱ्यांनी न्यायची, आणि तिला कुणी विचारायचंही नाही. ही गोष्ट परक्या देशातली आहे असं मला वाटेना.

एलिझाबेथबाईंच्या पुस्तकात असं नाही, आणि म्हणूनच ते मला आवडलं. मारिया त्या घोड्याला धरत नाही, बोलावत नाही, त्याच्यावर बसतही नाही. सगळ्या पुस्तकात तो मोजक्याच वेळा दिसतो. तो दिसला की तिला धीर येतो, बस, एवढंच त्याचं काम.

तो आला कुठून, त्याचीही कथा पुस्तकात आहे. पहाटे समुद्रातून पांढऱ्या घोड्यांचा कळप जमिनीवर येतो आणि परत जातो. एकदा त्यातला एक काटेरी झाडात अडकला. बाकीचे निघून गेले, हा मागे राहिला. एवढं सांगून मी पान उलटलं, तर ओट्यावर सगळ्या गप्प. मग एक मुलगी हळूच म्हणाली, “परत आले का त्याचे लोक?”

आता या मुलीबद्दल सांगते. तिला आणि तिच्या आजीला विचारून सांगतेय, नाव सांगणार नाही, आणि ज्यांना ओळख पटेल त्यांनीही चारचौघांत घेऊ नये. मारियाएवढीच, तेरा वर्षांची. आठवीत आहे. आई आपल्या गटाची सदस्य, बचत कधी चुकवली नाही. फडावर असली तरी दीराच्या हाती पैसे पाठवते. ही पोरगी सुरुवातीला बोलतच नसे. आजीला ऐकू कमी येतं, त्यामुळे घरातही बोलणं नाही. आजी तक्रार करायची, की ही न्हाणीच्या भिंतीशी बसून कुणाशी तरी बोलते, बाहेरचं काही लागलं का बघा. पुस्तकात काय आहे, माहीत आहे? मारियाचाही लंडनमध्ये एक असाच सवंगडी असतो, रॉबिन नावाचा. तिच्याशिवाय कुणाला दिसत नाही. मोठी माणसं म्हणतात, मनाचे खेळ. आणि मूनएकरला गेल्यावर तो खराखुरा भेटतो, मेंढरं राखणारा मुलगा म्हणून. मी हे सांगितलं त्या दिवशी ती माझ्या अगदी गुडघ्याला येऊन टेकली. नंतर आजीला मी समजावलं, की बाहेरचं काही नाही, पोरीला बोलायला माणूस नाही. आजी म्हणाली, “मला तरी कुठंय?” खरंच होतं. त्या शनिवारपासून आजीही ओट्यावर येऊन बसायला लागली. अर्धं ऐकू यायचं नाही, पण बसायची.

गढीचा मालक सर बेंजामिन, दांडगा, लाल तोंडाचा, मनानं चांगला. पण त्या गढीत वीस वर्षांत बाईमाणूस आलेलं नाही. का? तर त्याचं लव्हडे नावाच्या मुलीशी लग्न ठरलं होतं आणि दोघांचं भांडण झालं. कशावरून? जिरॅनियमच्या कुंड्यांवरून. तिला ती गुलाबी फुलं प्राणप्रिय, त्याला तो रंग डोळ्यांसमोर नको. तिनं घरभर कुंड्या मांडल्या, त्यानं त्या खिडकीबाहेर फेकल्या, ती निघून गेली. मुली म्हणाल्या, “एवढ्यावरून?” तेव्हा आजीला नेमकं ऐकू आलं! ती म्हणाली, तिच्या जावेशी ती अकरा वर्षं बोलत नाहीये, आणि कारण होतं वाळत घातलेल्या कुरडया. कुणाच्या कोंबड्यांनी खाल्ल्या यावरून. आम्ही इतक्या हसलो की आत बैठकीतल्या बायका काय झालं म्हणून बाहेर आल्या. त्यांत ती जाऊही होती. तीसुद्धा हसली. बोलल्या नाहीत हं दोघी. पण हसल्या एकाच वेळी.

मूनएकरच्या जेवणाबद्दल सांगितलंच पाहिजे. मारियाची खोली मनोऱ्यात असते, दार एवढं बुटकं की मोठं माणूस आत शिरूच शकत नाही. तिच्यासाठी पलंगाजवळ साखरेची नक्षी काढलेली बिस्किटं ठेवलेली असतात. स्वयंपाकघर सांभाळतो तो बुटका आचारी मार्माड्यूक स्कार्लेट, आणि तो जे काय करतो त्याची वर्णनं पानंच्या पानं. हॅरी पॉटर लिहिणाऱ्या रोलिंगबाईंचं हे लहानपणीचं आवडतं पुस्तक. पात्रं काय खातात ते सांगायची आवड या पुस्तकातून लागली, असं त्यांनीच सांगितलेलं आहे. मला मात्र दुसरीच गोष्ट लक्षात आली. हे पुस्तक छापून आलं 1946 साली. महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि इंग्लंडमध्ये साखर, लोणी, मिठाई सगळं रेशनवर होतं. 1946 मध्ये तर तिथं पावसुद्धा रेशनवर आला, जो युद्धात नव्हता. रेशन पुरतं उठलं 1954 साली. म्हणजे हातात रेशनकार्ड घेऊन बाई साखरेच्या बिस्किटांबद्दल लिहीत होती, आणि वाचणारी मुलंही रेशनचीच होती. आपल्याकडे महिनाअखेरीला डबा खडखडायला लागला की मुलांना पुरणपोळीच्या गोष्टी सांगतातच ना.

एलिझाबेथबाईंचा जन्म 1900 सालचा. त्याही एकुलत्या एक. वडील गेल्यावर आईला घेऊन डेव्हन परगण्यातल्या एका खेड्यात राहिल्या, लग्न केलं नाही, लिहीत राहिल्या. या पुस्तकाला कार्नेगी पदक मिळालं. इंग्लंडात मुलांच्या पुस्तकांना मिळणारा तो मोठा मान. त्यांच्या दुसऱ्या एका कादंबरीची गंमत झाली. कुणीतरी तिच्यातली माणसं भारतातल्या खेड्यात आणून, नावं बदलून, 1990च्या दशकात आपली म्हणून छापली. समीक्षकांनी वाहवा केली, मग एका वाचकाच्या लक्षात आलं. चोरी ती चोरीच. पण मला वाटून गेलं, एवढी बेमालूम खपली म्हणजे बाईंची माणसं आपल्याही गावात शोभत असणार.

आता मला जे खटकलं तेही सांगते. त्या गावात एक म्हातारे पाद्री आहेत, एरवी गोड माणूस. ते मारियाला बजावतात, की बायकांच्या जातीला असतो तसला फाजील चौकसपणा तू करायचा नाहीस. अहो, ती चौकस नसती तर पुस्तक पंचवीस पानांत संपलं असतं! तिनं विचारलं, शोधलं, विहिरीत उतरून हरवलेले मोती काढले, रात्री रानातल्या गढीवर जाऊन दुष्ट सरदाराशी तोंडी करार केला आणि ते मोती त्याच्या हवाली केले. आपल्या वाडवडिलांनी देवस्थानाची टेकडी बळकावली होती, ती परत द्यायला लावली. हे सगळं चौकसपणातूनच झालं की. शिवाय पूर्वजांच्या भांडणांचं खापरही आधीच्या मुलींच्या रागीटपणावर जास्त, पुरुषांच्या रागावर कमी. हे ऐकल्यासारखं वाटतं ना? मी मुलींना सांगताना पाद्रीबाबांचं ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं आणि विचारलं, पटतं का? एकमतानं नामंजूर झालं. इतिवृत्तात नोंद आहे.

पण एक गोष्ट मी मुलींपासून लपवली. त्यासाठीच आज बोलायचं होतं.

पुस्तकाच्या शेवटी लग्नं लागतात. सर बेंजामिन आणि लव्हडेचं लागतं, वीस वर्षांनी. मिस हेलिओट्रोप आणि पाद्रीबाबांचं लागतं, त्यांचं तर तरुणपणीचं प्रेम. हे सगळं मारिया जुळवून आणते. आणि मग तिचं स्वतःचंही लग्न रॉबिनशी लागतं, फार लवकर, आणि त्यांना दहा मुलं होतात. त्या काळी इंग्लंडच्या कायद्यानं मुलीचं लग्न बाराव्या वर्षी चालत होतं. ते वय सोळावर नेलं 1929 साली. त्याच 1929 साली आपल्याकडे सारडा कायदा झाला आणि मुलीचं वय चौदा ठरलं. आज आपल्याकडे ते अठरा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये अठरा झालं ते 2023 मध्ये. सांगायचं कारण, त्यांच्याकडेही हे आपोआप झालेलं नाही.

तर संक्रांतीच्या सुमाराला आजीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की पोरीला स्थळ आलंय. मुलगा ऊसतोडीचाच. तुम्हाला माहीत आहे ते गणित. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादम उचल देतो ती जोडीवर. एकट्या पोराला भाव नाही. त्याला पुढच्या हंगामाआधी बायको पाहिजे, आणि इकडे आई-बापाला तरण्या पोरीला मागे ठेवून जायची धास्ती. धास्ती खोटी नाही, हे मी समजते. आजी म्हणाली, पाडव्याला परत आले की बघतील.

आणि मी नेमकी पुस्तकाच्या त्या पानांवर आलेले. मी काय केलं, लव्हडेचं लग्न लावलं, टेकडी परत दिली, घोडा चांदण्यात उभा केला आणि म्हटलं, संपली गोष्ट. सगळ्या पांगल्या. ही थांबली. पुस्तक हातात घेतलं, बोटानं कड चाचपली आणि म्हणाली, “ताई, अजून पानं राहिल्यात.”

मी तेव्हा बी.ए. असूनही काही बोलू शकले नाही. मग बसले आणि ती पानं सांगितली. दहा मुलं वगैरे सगळं. तिनं ऐकून घेतलं. विचारलं, “तिला कुणी इचारलं का?” म्हटलं, हो, मारियानं स्वतःच ठरवलं होतं रॉबिनशी करायचं. “मग मला आजून कुणी इचारलं नाही.” एवढंच बोलली, आणि चपला घालून घरी गेली.

तिच्या आईला मी फडावर फोन लावला. रात्री नऊला लागला. आई म्हणाली, ताई, उचल अजून फिटायची आहे, मला तरी कुठं हौस आहे. मी म्हटलं, तुझ्या लेकीनं एक प्रश्न विचारलाय, तो तू ऐक. आणि तिचं वाक्य तसंच्या तसं सांगितलं. पलीकडून बराच वेळ फक्त ट्रॅक्टरचा आवाज. मग म्हणाली, पाडव्याला येते, तवर कुणाला शब्द देत नाही. 1098 हा नंबर मला पाठ आहे, ग्रामसेवकांचं याबाबतचं कामही मला माहीत आहे. लागलंच तर दोन्ही करीन, आणि हे मी तिच्या आईलाही सांगितलंय. पण पहिल्या दिवशी नंबर फिरवला असता तर ती माऊली माझ्याशी पुन्हा बोलली नसती. मागच्या बैठकीत गटानं ठरवलंय, की पाडव्यानंतर पाचजणी तिच्या घरी जायचं, आणि पुढच्या हंगामात पोरीची रात्रीची सोबत कुणी करायची याची पाळी लावायची. पहिलं नाव त्या कुरडयांवाल्या जावेनं दिलं.

पुस्तक सध्या त्या मुलीकडे आहे. तिनं मागून घेतलं. इंग्रजी तिला अजून धड येत नाही, पण मारिया हा शब्द कसा लिहितात ते मी दाखवलं होतं. आजी सांगते, रात्री दिव्याजवळ बसून पानं उलटते आणि जिथं जिथं तो शब्द दिसेल तिथं बोट ठेवून मोजते. परवा मला रस्त्यात गाठून म्हणाली, दोनशे बारा झाले, अजून अर्धं राहिलंय.

पुढच्या आठवड्यात आपण नेहमीसारखं हप्त्यांबद्दल बोलू. नमस्कार.